गाडीला 'येतो' म्हणू नये

आमच्याकडे घरातून निघताना 'जातो' म्हणत नाहीत. कोपऱ्यावरून मीठ आणायला निघालेला माणूससुद्धा 'येतो' म्हणतो, आणि चुकून कोणी 'जातो' म्हणालाच, तर घरातलं थोरलं माणूस त्याला दारातून परत बोलावून 'येतो' म्हणायला लावतं. काका हे सगळं रीतसर पाळत. ऑफिसातून निघताना 'येतो', आमच्या घरून जेवून निघताना 'येतो'. निघाल्यावर छत्री विसरली म्हणून परत येत, मग पुन्हा एकदा 'येतो'. फक्त गाडीतून उतरताना ते दार हळूच लोटत, आतल्या रिकाम्या सीटकडे बघत आणि म्हणत, "जातो."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, माझीच ऐकण्यात चूक झाली. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. जपानमध्ये मराठी ऐकायला मिळालं म्हणून आनंद व्हावा, तर ऐकायला मिळालं ते हे.

काका आमच्या कंपनीत गाड्या तपासायचे. कंपनी म्हणजे शिन्किबाला लाकडाच्या वखारींमागे एक मोठं आवार, एक पत्र्याची शेड आणि वर दोन खोल्यांचं ऑफिस. आवारात अवाढव्य अमेरिकन पिकअप ट्रक उभे असायचे, काही कोरे, बरेचसे वापरलेले. ह्या देशात गल्लीतून सायकल काढताना दोनदा 'माफ करा' म्हणावं लागतं, तिथे असले हत्ती कोण विकत घेतं हा प्रश्न मलाही पडला होता. पण हौसेला मोल नसतं. चिबाच्या किनाऱ्यावर लाटांवर खेळणारे, बोटी ओढून नेणारे, आणि नुसतेच रविवारी गाडी पुसत बसणारे असे लोक यायचे. अमेरिकेतल्या विक्रेत्यांशी पत्रव्यवहार करायला मला ठेवलं होतं. मालकांना सगळे 'शाचो' म्हणत, म्हणजे मालकच. काकांना सगळे 'सेन्सेई' म्हणत, म्हणजे गुरुजी. मी काका म्हणायचे, कारण ते कोल्हापूरकडचे, साठीच्या आसपासचे, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी मला 'जेवलीस का' असं विचारलं होतं.

ते ह्या देशात आले होते ते डॉक्टरेट करायला. विषय होता धातूंचा थकवा. लोखंड एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवलं की एक दिवस अचानक तुटतं, ते का, यावर त्यांनी तरुणपणची काही वर्षं घातली आणि मग प्रबंध अर्धवट टाकून गाड्यांत शिरले. का टाकला, असं विचारलं तर म्हणत, "असूंदे." हा त्यांचा आवडता शब्द. बिल चुकलं, असूंदे. पाऊस आला, असूंदे. शाचोंनासुद्धा तो पाठ झाला होता, ते चक्क जपानी वाक्यात घालायचे.

गाडी तपासायची त्यांची पद्धत बघण्यासारखी होती. आधी खाली झोपून चौकटीचं लोखंड बघायचे, मग मागच्या हौद्यावर बोटांच्या पेरांनी ठोकत फिरायचे, कलिंगड निवडावं तसं. मग सीटचा पट्टा पार शेवटपर्यंत ओढायचे आणि त्याच्या टोकाचा वास घ्यायचे. गाडी पुरात बुडालेली असली तर विकणारा सगळं धुतो, पण पट्ट्याचा आत गुंडाळलेला शेवट धुवायला विसरतो, असं त्यांचं म्हणणं. इथपर्यंत सगळं शास्त्रात बसणारं होतं. पुढचं बसत नव्हतं. ते चालकाशेजारच्या सीटवर जाऊन बसायचे, दार लावून घ्यायचे आणि हात मांडीवर ठेवून गप्प राहायचे. इंजिन बंद, काचा बंद. चालकाच्या जागी ते कधीच बसले नाहीत. गाडी हलवायची असली तर दुसऱ्या कोणाला तरी हाक मारायचे. बाहेर आम्ही मशीनमधल्या तयार चहाचे डबे हातात धरून उभे. बऱ्याच वेळानं ते उतरायचे, 'जातो' म्हणायचे आणि शाचोंना निकाल सांगायचे. गाडी एक तर 'रिकामी' असायची, नाही तर 'भरलेली'.

भरलेली गाडी शाचो घेत नसत, कितीही स्वस्त असली तरी. एकदा मात्र त्यांना मोह झाला. एका तळ्याकाठच्या गावातून आलेली गाडी होती, देखणी, कमी चाललेली. काका म्हणाले, भरलेली आहे. शाचोंनी हसून विकली. आठवड्यातच गिऱ्हाईक गाडी घेऊन परत आलं. तक्रार म्हणाल तर क्षुल्लक. शेजारची सीट रिकामी असताना 'पट्टा लावा' म्हणून घंटी वाजते. मेकॅनिकनं सीटखालचा सेन्सर बदलला. घंटी थांबेना. गिऱ्हाईक म्हणालं, तशी हरकत नव्हती, पण घाट उतरून त्या तळ्याकाठच्या गावाकडे वळलं की ती आपोआप थांबते. शाचोंनी पैसे परत दिले आणि त्यानंतर काकांच्या शब्दाबाहेर गेले नाहीत.

मी काही भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही. पुण्यात वाढलेय, आमच्या घरात अमावस्येला प्रवासाला निघायचे. म्हणून मी काकांना त्यावरून चिडवायचे. कोऱ्या गाडीत कशाला बसता, म्हणायचे, सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नाही, तिच्यात कोण येऊन बसणार? ते म्हणायचे, नवी गाडी म्हणजे तान्हं मूल, तिला अजून बोलता येत नाही, एवढंच. पण बसायचे जरूर. जुन्यापेक्षा नव्या गाडीत जास्त वेळ बसायचे.

त्याचं कारण मला कळलं ते एका दुपारी डबा खाताना. मी सहज विचारलं, की काका, गाडीला 'जातो' का म्हणता? त्यांनी भाकरी खाली ठेवली.

त्यांची बायकोही इथे होती. लग्न होऊन आली होती, चांगली रमली होती. दोघांनी हौसेनं असलाच एक मोठा जुना ट्रक घेतला होता. एकदा डोंगराकडे निघाले असताना हायवेवरच्या थांब्यावर थांबले. तिला चहा हवा होता. हे उतरले, मशीनमधून गरम चहाचे दोन डबे घेतले आणि परत येताना त्यांना पार्किंगच्या टोकाला एक नवाकोरा ट्रक दिसला. तसलं नवं मॉडेल तेव्हा इथे कोणी पाहिलेलं नव्हतं. हे त्याच्याभोवती फिरले, खाली वाकून बघितलं, मालकाशी गप्पा मारल्या. गाडीपाशी आले तेव्हा बायको शेजारच्या सीटवर पट्टा लावून तशीच बसलेली होती, आणि गेलेली होती. हृदय बंद पडलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, वेळेवर कोणी जवळ असतं तरी काही सांगता आलं नसतं. काकांना ते 'काही सांगता आलं नसतं' आयुष्यभर पुरलं.

"मी 'आलोच' म्हणून उतरलो होतो," काका म्हणाले. "'च' लावून."

ती गाडी त्यांना विकवेना. त्यांनी ती मोडीत काढली आणि चेपताना समोर उभे राहिले. तिचं भंगार बोटीवर चढलं, कुठल्याशा देशात वितळलं. पण धातूचा अभ्यास केलेला माणूस, त्यांना माहीत होतं की लोखंड संपत नाही. ते पुन्हा कशात तरी येतं. कुठल्या तरी नव्या गाडीत. म्हणून ते प्रत्येक गाडीत बसून बघत होते, बायको आहे का. असली तर उशीर झाला म्हणून सांगायचं होतं. आणि 'येतो' म्हणत नव्हते, कारण परत येतो म्हटलं की आतलं माणूस वाट बघत बसतं. पुन्हा कोणाला तसं बसवून ठेवायचं नव्हतं त्यांना.

मला वाईट वाटलं, खूप वाटलं, आणि थोडी भीतीही वाटली. रात्री जेवताना मी हे सगळं नवऱ्याला सांगितलं. मीरा, आमची सहा वर्षांची मुलगी, समोर बसून वरणभात चिवडत होती. हे मुद्दाम सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला एक साधं कारण हाताशी राहील. मीही ते कारण बरेच दिवस हाताशी धरून होते.

माझा नवरा सॉफ्टवेअरमधला. त्याच्या डोक्यात त्या वर्षी शिरलं होतं, की फुनाबोरीचा फ्लॅट सोडून चिबाला समुद्राजवळ राहायचं, घरून काम करायचं आणि एक मोठा पिकअप घ्यायचा. नवा की जुना, यावर आमच्या घरात रोज परिसंवाद. शेवटी डिसेंबरातल्या एका शनिवारी आम्ही तिघं आवारात गेलो. काकांनी दोन गाड्या निवडून ठेवल्या होत्या. एक वापरलेली, राखाडी, हौद्याला पोचे आलेली. दुसरी कोरी, गडद हिरवी, बोटीवरून नुकतीच उतरलेली, सीटवरचं प्लॅस्टिक तसंच. दोन्हींत काका सकाळीच बसून आले होते. दोन्ही रिकाम्या, असा निकाल होता. काकांनी नवऱ्याला खाली झोपवून गंज दाखवला, पट्ट्यांचे वास घ्यायला लावले. तोवर मीरा हिरव्या गाडीत चढून शेजारच्या सीटवर बसली होती. प्लॅस्टिक वाजवत होती. ऊन उतरायला लागलं, वखारीतल्या ओल्या लाकडाचा वास आवारात पसरला. मी हाक मारली तशी ती उतरली, दोन्ही हातांनी ते जड दार लोटलं, आत बघून मान लववली आणि म्हणाली, "इत्तेकिमासु."

इथली मुलं घरातून निघताना रोज हेच म्हणतात. अर्थ अगदी आपलाच, जाऊन येते. मला हसू आलं. काकांच्या हातातली बॅटरी मात्र खाली पडली. ते मीराजवळ गेले आणि तिला समजावलं, की बाळ, गाडीला असं म्हणू नये. मग आम्ही गाडीनं, म्हणजे आगगाडीनं, घरी आलो.

दुसऱ्या दिवशी रविवारी मीरा दाराशी बूट घालून बसली. विचारलं, कुठे निघालीस? म्हणाली, "मत्तेरु." म्हणजे वाट बघतेय. कोण, ते सांगेना. सोमवारी शाळेतून आली आणि बूट न काढता पुन्हा तिथेच. मंगळवारीही तेच. ज्या घरात बूट घालून आत पाऊल टाकलं की हीच मुलगी ओरडायची, त्या घरात ती जेवायलाही बूट घालून यायला लागली. रागावून झालं, लाडीगोडी झाली. रात्री बूट काढायला गेले तर हुंदके देऊन रडली. परत येते म्हणून सांगितलंय ना, हे एकच पालुपद. माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. नवरा म्हणाला, चल, तिला एकदा गाडी दाखवून आणू. मी नाही म्हटलं. का ते मला सांगता येईना, पण त्या गाडीत माझी मुलगी पुन्हा बसू द्यायची नव्हती मला.

मग बुधवारी झोपायच्या आधी तिनं विचारलं. प्रश्न जपानीत होता, त्यातला एकच शब्द मराठी. त्या गाडीतली मावशी मला 'या' का म्हणाली? तू मला 'ये' म्हणतेस, आणि आजीला 'या' म्हणतेस. मी काय आजी आहे?

सहा वर्षांच्या पोरीला कोणी 'या' म्हणत नाही. मी काकांना फोन केला.

ते गुरुवारी दुपारी आले. बूट काढून ते नीट बाहेरच्या दिशेला तोंड करून ठेवले आणि मीरासमोर मांडी घालून बसले. मी त्यांना कधी इतकं सावकाश बोलताना ऐकलं नव्हतं. गाडीतली मावशी नेमकं काय म्हणाली, असं त्यांनी विचारलं. मीरानं आठवून, एकेक शब्द उचलल्यासारखं, मराठीत सांगितलं.

"या. लवकर या. चहा गार झाला तर असूंदे."

आमच्या घरात 'असूंदे' कोणी म्हणत नाही. आम्ही 'असू दे' म्हणतो. हा हेल कोल्हापूरकडचा. आता काकांच्या तोंडून तिनं तो ऐकला असणार, हे आहेच. चहाची गोष्ट जेवताना ऐकली असणार, हेही आहेच. हे सगळं मी त्याच क्षणी स्वतःला सांगितलं, आणि तरी उठून आतल्या खोलीतला दिवा लावून आले.

काका रडले नाहीत. उलट त्यांना हसू फुटलं, वर्षानुवर्षं चुकत आलेलं गणित एकदम सुटावं तसं. "बघ की," ते मला म्हणाले, "इतकी वर्षं मी प्रत्येक गाडीला 'जातो' म्हणत आलो. 'येतो' म्हटलं तर आतलं माणूस 'या' म्हणेल. 'जातो' म्हटल्यावर काय म्हणणार? आपल्यात 'जा' म्हणतात का कुणाला?"

मग ते मीराकडे वळले. तुझं येते म्हटलेलं मी माझ्याकडे घेऊ का, असं त्यांनी तिला विचारलं, तिला कळेल अशा जपानीत. मीरानं जरा विचार केला आणि मान हलवली. मग वाकून बंद सोडले आणि बूट काकांच्या बुटांशेजारी नेऊन ठेवले. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. ते कुठे जाऊन बसलं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

शुक्रवारी ऑफिसात आल्या आल्या काका थेट हिरव्या गाडीकडे गेले. शाचो आणि मी वरून खिडकीतून बघत होतो. मग मला राहवलं नाही, मी खाली गेले. स्वच्छ ऊन पडलं होतं, वखारीत करवत चालू होती. काका पहिल्यांदाच चालकाच्या जागेवर बसले होते. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की आजवर ते नेमके तिच्याच जागेवर बसत आले होते. त्यांचे हात चाकावर होते आणि ते शेजारच्या सीटकडे तोंड करून काहीतरी बोलत होते. काच बंद होती, मला शब्द आले नाहीत. उशीर झाल्याचं सांगत असावेत. मग ते उतरले. दार लोटलं नाही, उघडंच धरलं, डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाले, "येतो."

करवत तेवढ्यात थांबली होती. पलीकडच्या सीटवरचं प्लॅस्टिक वाजलं. कोणी सावरून बसावं तसं, एकदाच. काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी दार लावलं, हातानं त्याच्यावरची धूळ पुसली आणि जिन्यानं वर गेले.

दिवसभर त्यांनी नेहमीसारखं काम केलं. राखाडी गाडीचे कागद पुरे केले, शाचोंना कुठल्याशा गंजावरून झापलं, माझ्या डब्यातली मेथी मागून खाल्ली. संध्याकाळी टोपी घालून माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "जातो मी."

मी पटकन म्हटलं, "काका, जातो म्हणू नये. येतो म्हणा."

"तिकडं येतो म्हणून सांगून आलोय," ते म्हणाले. "एका माणसानं दोन ठिकाणी येतो म्हणू नये."

यावर काय उत्तर द्यायचं, ते आम्हाला कोणी शिकवलेलं नाही. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले.

सोमवारी ते आले नाहीत. फोन उचलेनात म्हणून शाचो घरमालकाला घेऊन त्यांच्या खोलीवर गेले. काका दाराच्या आतल्या पायरीवर भिंतीला टेकून बसलेले होते, अंगात कोट, डोक्याला टोपी, पायात बूट. शेजारी चहाचे दोन डबे होते. दोन्ही न उघडलेले, दोन्ही गार. डॉक्टर म्हणाले, हृदय. शाचो मला हे सांगताना मध्येच थांबले आणि त्यांच्या उच्चारात म्हणाले, "आसुन्दे." मग आम्ही दोघंही रडलो.

आम्ही ट्रक घेतला नाही. चिबाचं खूळही मागे पडलं. हिरवी गाडी वसंतात विकली गेली, बोट ओढून नेणाऱ्या एका एकट्या माणसाला. तो गाडी न्यायला आला तेव्हा मीराला सुट्टी होती म्हणून ती माझ्याबरोबर होती. त्यानं गाडी चालू केली आणि खिडकीतून डोकं काढून शाचोंना विचारलं, की मागच्या दोन्ही सीटचे पट्ट्याचे दिवे का लागलेत? मेकॅनिकनं येऊन मागची सीट चाचपली, काही नव्हतं. नवीन गाडी आहे, बसेल हळूहळू, असं तो म्हणाला. शाचोंनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी स्वतः मागचं दार उघडलं, रिकाम्या सीटवरचे दोन्ही पट्टे एकेक करून नीट लावले आणि वाकून नमस्कार करून दार बंद केलं. दिवे विझले.

गाडी फाटकाकडे वळली. मीरा माझा हात धरून उभी होती. ती मोठ्यांदा, अगदी स्वच्छ मराठीत म्हणाली, "या."

कोणाला म्हणालीस, असं मी विचारलं. तिनं माझ्याकडे बघितलं, एवढंही कळत नाही का, अशा नजरेनं.

"दोघं आहेत ना," ती म्हणाली. "दोघांनी येतो म्हटलं."

गाडी वखारीच्या कोपऱ्यावरून दिसेनाशी होत होती. मीही म्हटलं, या.